बुडापेस्टमधली रांग

ब्रनोच्या अलीकडे, १० ऑगस्ट १९८९

रोझविता,

काल तुझ्या दारात मारेनला उभं केलं, तिचं बोचकं ठेवलं, "गालगुंडं आहेत, आंबट देऊ नकोस" एवढं बोलले आणि जिना उतरले. धन्यवाद म्हणायचं राहूनच गेलं. खाली लोथार गाडी चालू ठेवून बसला होता आणि वर बघत नव्हता. तू खाली बघत नव्हतीस. दोघांच्या मध्ये माझी जीभ अडकली. आता म्हणते. धन्यवाद.

आजारी पोर टाकून सहलीला निघालेली आई, असं तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. खरं आहे. मी लोथारला म्हटलं होतं, रद्द करू. तो म्हणाला, हंगेरीचा परवाना मिळालाय, कारखान्याने रजा दिलीय, पुढच्या वर्षी कोण देतंय? एवढा विनवत होता की मी ऐकलं. एरवी तो विनवणाऱ्यातला नाही, फुगून बसणाऱ्यातला आहे. सासूबाई पाय मोडून पडलेल्या, म्हणून शेवटी तुझं दार.

जुनं उकरायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते, पण माझं ठरवणं तुला माहीत आहे. दोन वर्षं झाली, तुम्ही दोघं एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. लोथारच्या काकांचा साठावा वाढदिवस होता, पलीकडे, पश्चिम जर्मनीत, हानोफरला. गेला तर परत येईल का, असं परवाना देणाऱ्यांनी तुला विचारलं आणि तू म्हणालीस, "हमी देता येणार नाही." दुसऱ्या कुणीही मेहुण्यासाठी "येईल हो, जाईल कुठे" म्हणून वेळ मारून नेली असती. पण तू मुख्याध्यापिका, पक्षाची सभासद, आणि त्याहून वाईट म्हणजे तू रोझविता. मुरंबा कुणी खाल्ला म्हणून आईने विचारलं की तू माझं नाव सांगायचीस, आणि स्वतः खाल्ला असलास तर स्वतःचं. परवाना नाकारला गेला आणि लोथार अजून तेच धरून बसलाय. मी दोघांच्या मध्ये बसलेय.

आज दिवसभर आमची त्राबी गाडी पळवली. पळवली म्हणजे ट्रकच्या मागे धूर खात खेचली. टपावरचा तंबू उघडला तेव्हा शेजारचे चेक लोक शिडी बघायला जमले. लोथारने त्यांना चढूनही दाखवलं. नंतर मात्र एकटाच नकाशा घेऊन बसला. मारेनला दिवा चालू ठेवून झोपायची सवय आहे. तुला वीज वाया घालवलेली आवडत नाही, तरीही ठेव.

हायड्रून

बुडापेस्ट, १४ ऑगस्ट

रोझविता,

मारेनची सूज उतरली का? पोस्ट ऑफिसातून फोन लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. तू शाळेतून तार केलीस तर इथे कॅम्पवर मिळते म्हणतात.

आम्ही मजेत आहोत. नदीकाठी कॅम्प आहे, पॉप्लरची झाडं आहेत, सकाळी नदीवरून गार वारा येतो. किल्ल्याची टेकडी चढलो. मच्छीमारांच्या बुरुजावरून सगळं शहर दिसतं, पूल, संसदेचा घुमट, बोटी. लोथारने फोटो काढले, प्रत्येकात मी डोळे मिटलेली असणार. गरम पाण्याच्या हौदात म्हातारे छातीपर्यंत पाण्यात बसून बुद्धिबळ खेळत होते. लोथार तासभर त्यांच्या मागे उभा. मी म्हटलं, "चाल सुचव ना." तो म्हणाला, "मला माझीच सुचत नाहीये." काय म्हणायचं होतं देव जाणे.

इथले पैसे, फोरिंट, आपल्याला बेताचेच बदलून मिळतात, म्हणून घरचे सॉसेजचे डबे खातोय. एक दिवस ऐट म्हणून हॉटेलात बसलो. वेटरने विचारलं, "पूर्व जर्मन की पश्चिम जर्मन?" मी म्हटलं, "भुकेले जर्मन." तो हसला आणि पलीकडच्या टेबलावर गेला. तिथे म्युनिकचं एक कुटुंब होतं, त्यांच्या पोराने आमच्यानंतर येऊन आमच्याआधी आइस्क्रीम संपवलं. लोथार सूप न पिता उठला. तू म्हणशील, गर्व. नाही गं. कॉलर धरून उठवल्यासारखा उठला.

शेजारच्या तंबूत हालेहून आलेली थीमे जोडी आहे. थीमेबाई बोलक्या आहेत, त्यांचे यजमान नुसते मान डोलावतात. कॅम्पवर आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या आहेत. काही तंबूंतली माणसं दिसत नाहीत. दोरीवर टॉवेल वाळतोय, चपला बाहेर आहेत, माणसं नाहीत. फिरायला गेली असतील. इथे बघण्यासारखं खूप आहे.

मारेनला सांग, मी तिच्यासाठी लाल मणी घेतलेत.

हायड्रून

बुडापेस्ट, १८ ऑगस्ट

रोझविता,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. थीमे जोडी उद्या परत निघतेय, आपलं पिर्ना त्यांच्या वाटेवरच आहे. थीमेबाईंनी ते कॉफीच्या डब्यात ठेवायचं कबूल केलंय. त्यामुळे आज मी मोकळं लिहिणार आहे. वाचलंस की जाळून टाक.

मागच्या पत्रात मी मजेत आहोत म्हणून लिहिलं. नव्हतो. माणसं फिरायला गेली असतील म्हटलं. ती फिरायला गेलेली नाहीत, हे मला तेव्हाच दिसत होतं. हंगेरीवाल्यांनी ऑस्ट्रियाकडच्या कुंपणाच्या तारा कापायला घेतल्यात, हे इथे आइस्क्रीमवालासुद्धा बोलतो. लोक गाडीला किल्ली तशीच ठेवून जंगलातून चालत जातात. मी बघत होते आणि बघत नव्हते.

आता मी काय करून बसले ते सांगते. हसू नकोस. किंवा हस, लोथारही हसला.

काल आम्ही बुडाच्या टेकड्यांत फिरत होतो. एक चर्च लागलं, बाहेर फाटकापाशी रांग. चांगली लांब, कोपऱ्यावर वळलेली. सगळी आपलीच माणसं, चपलांवरूनच कळतं. बुडापेस्टमध्ये रांगा नसतात, रोझविता. हवं ते दुकानात मांडलेलं असतं, आपल्या खिशाला नसतं एवढंच. म्हणजे इथे रांग आणि तीही आपल्या माणसांची, तर काहीतरी जबरदस्त आलेलं असणार. मला वाटलं, केळी. मारेनचे गाल सुजलेले, तिला चावता येत नाही, केळी किती बरी. मी लोथारला ओढला, "रांग! उभा राहा लवकर, मागे लोक लागतील." तुला माहीतच आहे. आधी उभं राहायचं, मग विचारायचं. त्या वर्षी बाथरूमच्या फरशा आल्यात असं समजून मी अर्धा दिवस उभी होते आणि घरी झाडू घेऊन आले, तेव्हा तूच कपाळाला हात लावला होतास.

लोथारचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं ऊन लागलं. तो म्हणाला, "हायड्रून, तुला खरंच उभं राहायचंय?" मी म्हटलं, "मग काय नुसतं बघायचं?" पर्समधून जाळीची पिशवी काढून तयार धरली, टाचा उंचावून पुढे बघितलं, आणि पुढच्या बाईला विचारलं, "आपल्यापर्यंत उरेल ना हो?"

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "उरेल म्हणतात."

"पण मिळतंय काय?"

तिने माझ्या पिशवीकडे बघितलं. "पश्चिम," ती म्हणाली. "पश्चिमेचे पासपोर्ट. तुम्हाला काय वाटलं?"

मी मागे वळले, लोथारला सांगायला, की चल, आपलं काही नाही इथे. आणि समोर रस्त्यापलीकडे राखाडी गाडी उभी होती. काच खाली केलेली. आत कॅमेरा. त्या माणसाने माझा फोटो काढला, निवांत, पर्यटक किल्ल्याचा काढतो तसा. मग अजून एक. आपल्याकडचे ते लोक, गुप्त पोलीस. रांगेतले सगळे तोंडावर टोप्या, वर्तमानपत्रं धरून उभे होते, ते मला तेव्हा दिसलं. उघड्या तोंडाने मी एकटी.

लोथार फुटपाथवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. तंबूत आल्यावर म्हणाला, "आठ दिवस मी शब्द जुळवत होतो. हिला कसं सांगू, कुठून सुरुवात करू. आणि तू मला दंडाला धरून तिथे नेऊन उभं केलंस."

म्हणजे त्याला ती रांग माहीत होती. मला विश्वास बसेना. मग मी डिकीत सॉसेजचा डबा काढायला वाकले, तर डब्यांच्या खाली, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले आमचे हिवाळ्याचे बूट. ऑगस्टमध्ये. त्याचे, माझे. आणि मारेनचे, लोकरीच्या अस्तराचे, पुढच्या वर्षी होतील म्हणून एक माप मोठे घेतलेले.

तर असं होतं. तिघांनी जायचं ठरवलं होतं त्याने, मला न सांगता. मग पोरीला गालगुंडं झाली. त्याने बूट बाहेर काढले नाहीत. मी विचारलं, "तिला सोडून निघालास?" तो म्हणाला, "अगं, पुन्हा परवाना मिळेल का? पोहोचलो की तिला मागवून घेऊ. करतात लोक. सहा महिने फार तर." मी म्हटलं, "आणि ते नाही म्हणाले तर?" त्याने बूट पुन्हा ब्लँकेटमध्ये गुंडाळले. मग म्हणाला, "आता तुझाही फोटो आहे, हायड्रून. परत गेलीस तर कोण मानणार आहे की तू केळ्यांसाठी उभी होतीस?"

मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता. त्याहून मोठा राग स्वतःचा आला, कारण तो बरोबर बोलत होता.

रोझविता, त्याच्याबद्दल तुझं खरं ठरलं. हे मी लिहून देते, हवं तर फ्रेम करून लाव. पण माझ्याबद्दलचं तुलाच माहीत आहे. तुझ्याकडे ते लोक येतील. त्यांना खरं तेच सांग. की तुझी बहीण मूर्ख आहे, रांग दिसली की तिचे पाय आपोआप थांबतात, तिला कुठेही जायचं नव्हतं. तुझ्या खरेपणाचा मला जन्मभर त्रास झाला, एकदा उपयोग होऊ दे.

मी परत येतेय. कधी ते अजून ठरत नाही. लोथारला समजावतेय.

हायड्रून

ब्रनो, २२ ऑगस्ट

रोझविता,

नाही ऐकलं लोथारने.

पुन्हा त्या चर्चला गेलो. तो रांगेत, मी त्याच्या शेजारी, सोबतीला. या वेळी मी स्कार्फ बांधला होता, आता त्याचा काय उपयोग ते विचारू नकोस. आजूबाजूला लोक कुजबुजत होते, कुणी सीमेवरून परत पाठवलेलं, कुणी आज पुन्हा जाणार. आम्ही काय बोललो सांगू? पेट्रोलचं. "कॉक बंद करायला विसरू नकोस. चढावर दुसऱ्या गिअरवरच राहा. क्लच कुरकुरतो, घाबरू नकोस." मी म्हणत होते, "हो. बरं. हो." लग्नाला दहा वर्षं झाली आणि निरोपाला आमच्याकडे क्लच होता.

टेबलापाशी एक तरुण मुलगी बसली होती. तिने आम्हा दोघांची नावं विचारली. मी म्हटलं, "मी नाही. मी सोडायला आलेय." ती म्हणाली, "मुलं?" लोथार म्हणाला, "एक." "बरोबर आहे?" तो टेबलाची कड धरून उभा राहिला. शेवटी मीच म्हटलं, "नाही. ती माझ्याबरोबर राहणार आहे."

फाटकापर्यंत आला. म्हणाला, "मारेनला सांग..." मी थांबले. म्हटलं, "काय सांगू? बोल, सांगते." त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी त्याला मिठी मारली. मारायची नव्हती, मारली. त्याच्या शर्टाला आमच्या तंबूचा वास येत होता. रस्ताभर मी त्याला शिव्या दिल्या आणि रस्ताभर त्याच्याकडची काच खाली ठेवली, त्याला उकडतं म्हणून.

उद्या सीमा ओलांडणार. माझं नाव त्यांच्याकडे असणार, फोटो असणार, नवरा गाडीत नसणार. सोडतील किंवा नाही. हे पत्र इथल्या पेटीत टाकतेय. कदाचित आधी मी पोहोचेन, कदाचित हे.

मी आले नाही तर एकच मागणं आहे. आईबाप नसलेल्या पोरांना ते वसतिगृहात घालतात. मारेनला देऊ नकोस. तुझ्यावर दबाव आणतील, मुख्याध्यापिका म्हणून तुझ्याकडून जास्तच अपेक्षा करतील. खुर्ची की पोरगी असंही विचारतील. मी तुझ्याशी नीट बोलतही नाही आणि तुझी खुर्ची मागतेय, मला कळतं. तरी मागते. माझ्याकडे दुसरं कोणी नाही, आणि असतं तरी मी तुझ्याकडेच मागितलं असतं.

हायड्रून

पिर्ना, ९ सप्टेंबर

रोझविता,

तीनदा आले. आत दिवा होता, तू दार उघडलं नाहीस. मी परत आले त्या दिवशीही मारेनला माझ्या हातात दिलीस, तिच्या गळ्यातला मफलर नीट केलास आणि एक शब्द न बोलता दार लावलंस. मला वाटलं, रागावली आहे, लोथार गेला म्हणून. आज शाळेच्या शिपाईणबाईंनी सांगितलं, तुला मुख्याध्यापकपदावरून काढलं. पक्षातूनही काढणार आहेत म्हणतात. त्यांनी तुला कारण काय दिलं ते मला माहीत नाही. खरं कारण मला माहीत आहे. तुला ते माझ्याकडून कळायला हवं.

सीमेवर त्यांनी मला संध्याकाळपर्यंत बसवलं आणि सोडलं. नवरा गेला आणि ही परत आली, असं बहुधा त्यांच्या अनुभवात बसेना. पुढच्या आठवड्यात ड्रेस्डेनला बोलावलं. खोलीत एकच माणूस होता. सभ्य, सर्दी झालेला, सारखा नाक पुसत होता. त्याने फोटो समोर ठेवला. मी, हातात जाळीची पिशवी, टाचा उंचावलेल्या, तोंड उघडं. रोझविता, फोटो बघून मलाच हसू आलं. त्यालाही आलं असावं.

"कशासाठी उभ्या होतात?"

"माहीत नव्हतं."

"माहीत नसताना उभ्या राहिलात?"

"साहेब, तुमच्या सौभाग्यवतींना विचारा. कोण विचारून उभं राहतं?"

त्याने नाक शिंकरलं आणि काहीतरी लिहिलं. मला धीर आला. मला वाटलं, जमतंय. खरं बोलायचं, बस्स. कारण तूही खरंच बोलली असणार, तुझं आणि माझं जुळणार, आणि जुळलं की सुटलो. सबंध रस्ता मी एवढ्यावर काढला होता. ब्रनोत एकटी झोपले तेव्हा, सीमेवर बाकावर बसले होते तेव्हा, माझ्याकडे हीच एक खात्री होती. माझी बहीण.

मग तो सहज म्हणाला, "बहिणीने तिथून काही आणायला सांगितलं होतं का तुम्हाला? पत्राने, फोनवर?"

मी म्हटलं, "नाही हो. ती मला कधीच काही आणायला सांगत नाही. आमचं बोलणंही नव्हतं."

"नक्की?"

"अगदी नक्की."

त्याने दुसरी फाइल उघडली आणि वाचून दाखवलं. तुझा जबाब. की तूच मला फोन करून सांगितलंस, पोरीला चावता येत नाही, कसंही करून केळी मिळव, जिथे रांग दिसेल तिथे उभी राहा. की फोन तू शाळेतून केलास, तारीख अमुक. की मी त्या रांगेत तुझ्या सांगण्यावरून होते आणि याची जबाबदारी तू घेतेस. तू हमी देतेस.

माझ्या लक्षातच आलं नाही, गं. केळ्यांचं तर मी फक्त तुलाच लिहिलं होतं, त्या कॉफीच्या डब्यातल्या पत्रात. अजूनही स्वतःला विचारते, त्या क्षणी मी काय ऐकत होते? मला वाटलं, हा डाव आहे. यांनीच काहीतरी लिहून तुझं नाव घातलंय, मला अडकवायला. मला संताप आला, तुझ्या वतीने. मी खुर्चीतून उठले.

"हे माझ्या बहिणीचं असूच शकत नाही," मी म्हटलं. "फोन आलाच नाही. पिर्नात कुणालाही विचारा. ती स्वतःच्या मेहुण्यासाठी खोटं बोलली नाही. ती खोटं बोलतच नाही."

त्याने फाइल मिटली. मग एक कोरा कागद पुढे सरकवला, पेनाचं टोपण काढून दिलं आणि म्हणाला, "हे एवढं लिहून द्या."

मी लिहून दिलं, रोझी. सुवाच्य अक्षरात, आणि खाली सही केली.

हायड्रून